स्वच्छ गाळ्यावरची अंडी

१

प्रयोगशाळेचा अहवाल जेमतेम दोन ओळींचा होता, पण मंडईच्या व्यवस्थापकांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. दर वेळी त्यांना वाटायचं, आता तरी गाळ्याचा क्रमांक बदललेला असेल.

बदलत नव्हता. मंडईतल्या सगळ्या गाळ्यांवरची पालेभाजी तपासली होती. बाकी ठिकाणी माती, कचरा, एखादी अळी, म्हणजे नेहमीचंच. मात्र एका गाळ्यावरच्या कोथिंबीर आणि पुदिन्याच्या जुड्यांमध्ये जंतांची अंडी सापडली होती, आणि तीही भरपूर. तो गाळा आक्कांचा होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा. आक्कांच्या गाळ्यावर माशीसुद्धा पाय पुसून बसते, असं मंडईत गमतीनं म्हणत. बाकीचे लोक भाजीवर पाणी शिंपडून मोकळे व्हायचे. आक्का मात्र पान न् पान तीन पाण्यांतून काढायच्या, आणि तिसरं पाणी असं नितळ की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. त्यांची नखं कापलेली, डोक्याला फडकं, ओटा दिवसातून दोनदा घासलेला. नवा गाळेवाला आला की व्यवस्थापक त्याला आधी आक्कांच्या गाळ्यासमोर उभा करत आणि म्हणत, "हे बघून घे. बाकी नियम नंतर सांगतो."

"साहेब, वाचून झालं असेल तर बोलू का?" समोर उभ्या खानावळवाल्याचा आवाज घोगरा झाला होता. त्याची खानावळ मंडईच्या दारातच होती. त्याची धाकटी लेक, जिला सगळे चिमणी म्हणत, रुग्णालयात होती. ताप उतरत नव्हता, खोकला थांबत नव्हता, यकृत सुजलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं होतं की शरीरात जंतांची पिल्लं फिरत आहेत.

"माझी पोर कच्चा पुदिना खाते, आणि तो फक्त आक्कांकडचा. आणखी काय पुरावा हवा?"

"समिती उद्या दुपारी बसते आहे. तिथं निर्णय होईल," व्यवस्थापक म्हणाले.

"निर्णय काय व्हायचाय? गाळा काढून घ्या. नाहीतर मी या अंड्यांची गोष्ट दारावर फलक लावून जगाला सांगतो."

तो गेला. नियम त्याच्याच बाजूनं होता. दूषित माल सापडला आणि कारण कळलं नाही, तर परवाना रद्द. आयुष्यभर पानं धुणाऱ्या बाईला घाणेरडी ठरवून घरी पाठवायचं, आणि त्या कागदावर सही करायची ती व्यवस्थापकांनी.

त्यांनी फोन उचलला आणि ज्या माणसाशी जेवणाच्या टेबलावर ते कधीच बोलायला धजत नसत, त्याच माणसाला लावला.

"वहिनी, जरा येता का मंडईत?"

"जंत सापडले वाटतं!" पलीकडून आनंदानं भरलेला आवाज आला.

२

व्यवस्थापकांच्या थोरल्या भावाची बायको रुग्णालयाच्या तळमजल्यावर परोपजीवी विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे एक खोली, दोन सूक्ष्मदर्शक आणि बरण्यांची रांग. रुग्णालयात तिला जंतबाई म्हणत, आणि तिला ते बिरुद वाटायचं. घरी पाहुणे आले की नवरा आधीच बजावायचा, "पान वाढलेलं असताना फीतकृमीचा विषय नको." ती मान डोलवायची आणि ताटात शेवया दिसल्या की विसरायची.

वहिनी आल्या त्या पिशवीभर काचेच्या बाटल्या घेऊन. अहवाल एका नजरेत वाचला आणि नाक मुरडलं.

"जंतांची अंडी. बस्स? कुणाच्या जंतांची?"

"कुणाच्या म्हणजे?"

"भाऊजी, 'पक्षी सापडला' असं कुणी लिहितं का? कावळा की घुबड, ते नको सांगायला?"

आक्का गाळा बंद करून ओट्यावर बसल्या होत्या. डोळे कोरडे होते, पण हात रिकामे कसे ठेवायचे ते हातांना कळत नव्हतं. ओट्यावरचा नसलेला डाग त्या बोटानं पुसत होत्या.

"विचारा काय ते. मी लपवणार नाही," त्या म्हणाल्या.

"भाजी येते कुठून?"

"माझ्या धाकट्या भावाच्या मळ्यातून. पहाटे कापतो, उजाडता उजाडता इथं. सुटी आणतो, जुड्या न बांधता. बांधलेल्या जुडीच्या पोटात पाणी शिरत नाही हो. माती आतच राहते. म्हणून मी आधी एकेक काडी धुते आणि मग बांधते. मंडईत असं दुसरं कुणी करत नाही. वेळ जातो ना."

व्यवस्थापकांची छाती उगाच अभिमानानं फुगली, आणि लगेच त्यांना अहवाल आठवला.

"चिमणीला पुदिना तुम्हीच द्यायचात?"

आक्कांचं बोट ओट्यावर थांबलं. "शाळेतून येताना थांबायची. तिच्यासाठी बाहुलीएवढी जुडी बांधून ठेवायचे. पैसे कसले घ्यायचे लेकराकडून?"

वहिनींनी ओट्यावरच्या जुड्या घेतल्या, टोपलीतली धुतलेली सुटी पानं घेतली, धुण्याच्या तिन्ही टाक्यांच्या तळाचा गाळ घेतला. मग शेजारच्या गाळ्यावरून जुड्या घेतल्या, मंडईच्या मोठ्या टाकीचं पाणी घेतलं, आणि खानावळीत शिरून भाजी चिरायचा पाट खरवडला. खानावळवाला भडकला.

"मलाच चोर ठरवता का?"

"सगळ्यांनाच ठरवते, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मला एक सांगा, घरी पुदिना धुऊन देता का लेकीला?"

"धुवायला हाताशी यायला तर हवा! घरी पोचेपर्यंत दातांनी बंद सोडून अर्धा चावून झालेला असतो. आणि धुवायचा कशाला? आक्कांकडचा पुदिना धुणं म्हणजे पाणी धुण्यासारखं, असं मीच म्हणायचो." तो पाठ फिरवून भांडी आपटू लागला.

वहिनी दारातच थबकल्या. "दातांनी," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि पिशवीतली आक्कांच्या जुडीची बाटली बाकीच्यांपासून वेगळी काढून खिशात ठेवली.

३

तळमजल्यावरच्या त्या खोलीत व्यवस्थापक इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शिरले होते. त्यांना वाटलं होतं, वास येईल. वास फक्त साबणाचा होता.

वहिनी काम करू लागल्या, आणि व्यवस्थापक बघत राहिले. घरी चहाचा कप हमखास कलंडवणारी ही बाई इथं वेगळीच होती. पानं साबणाच्या पाण्यात हलवायची, पाणी निवळू द्यायचं, वरचं ओतून टाकायचं, तळाचा गाळ यंत्रात गरगर फिरवायचा आणि उरलेला थेंब काचेवर. एकही हालचाल फुकट जात नव्हती.

मग त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या.

"या. बघा."

व्यवस्थापकांनी डोळा लावला. तपकिरी गोल. आधी त्यांना किळस आली, मग ते ती विसरले. गोलाच्या पृष्ठभागावर बारीक खळ्या होत्या, सारख्या अंतरावर, कुणी नक्षी काढावी तशा.

"शिंप्याच्या अंगुस्तानासारखं दिसतंय."

"शाब्बास! दीर शोभता." वहिनी खूश झाल्या. "माणसाच्या जंताचं अंडं असं नसतं. ते खडबडीत असतं, तुतीच्या फळासारखं. आता कवच बघा. जाडजूड. साबण याला काही करत नाही, थंडी काही करत नाही, ओलावा आणि सावली मिळाली तर महिनोन् महिने जगतं. आणि हे सगळं एवढ्याशा देहात, की वाळूच्या कणापुढेही लहान दिसावं. कुणी बांधलंय इतकं चांगलं घर?"

"वहिनी, कौतुक नंतर करा. हे माणसाचं नाही, मग कुणाचं?"

"मांजराचं."

व्यवस्थापक खुर्चीत बसले. मंडईत सगळे मळ्याला दोष देत होते. आक्कांचा भाऊ गटाराचं पाणी सोडतो, अशी कुजबुज होती. पण गटारातून आली असती तर अंडी माणसांची असती.

"आणि चिमणी?"

"हा जंत मांजराच्या पोटातच मोठा होतो. माणसाच्या पोटात गेला तर तो वाट चुकलेला पाहुणा. पिल्लू घरभर फिरतं, यकृतात, फुप्फुसात, आणि बाहेरचं दार काही सापडत नाही. म्हणून ताप, म्हणून खोकला. डॉक्टरांनी औषध बरोबर सुरू केलंय, पोरगी बरी होईल. डोळ्यात शिरलं असतं तर मात्र कठीण होतं. म्हणून हे थांबायला हवं. पुढचं लेकरू इतकं नशीबवान असेलच असं नाही."

व्यवस्थापकांच्या डोक्यात एकच चित्र आलं. मंडईत मांजर एकच होतं. दांडगा, एका कानाचा बोका. उंदरांवर जरब होती म्हणून त्याला फौजदार म्हणत. दर सकाळी तो गाळ्या-गाळ्यांवरून गस्त घालायचा. आणि त्या फौजदाराला मासळीची डोकी घालून कुणी पाळलं होतं, तर आक्कांच्या शेजारच्या गाळेवाल्यानं. तोच माणूस, जो आक्कांचा गाळा मिळावा म्हणून दरवर्षी अर्ज करत होता.

४

त्या शेजाऱ्याला मंडईत 'सावकाश' म्हणत, कारण कुणीही काहीही सांगितलं की त्याचं उत्तर तेच. भाजी विस्कटलेली, ओटा ओशट, आणि मालक पोत्याला टेकून पेंगणारा.

"अर्ज मीच करतो," त्यानं बिनदिक्कत सांगितलं. "आक्कांचा गाळा सावलीत आहे. मला उन्हात झोप लागत नाही."

व्यवस्थापकांनी आवाज चढवला. "सकाळी तू आक्कांच्या गाळ्यामागे वाकलेला दिसतोस, असं लोक सांगतात. काय करत असतोस?"

"फौजदाराला खाऊ घालतो. त्याची बसायची जागा तिथं आहे. गार असते." मग त्याला प्रश्नाचा रोख कळला, आणि त्याचे डोळे पूर्ण उघडले. बहुधा त्या वर्षात पहिल्यांदाच. "साहेब, मी आक्कांच्या भाजीत मांजराची घाण कालवली असं म्हणायचंय तुम्हाला? अहो, त्यासाठी त्यांच्या आधी उठायला लागेल! मी?"

बाजूच्या गाळ्यांवर हशा पिकला. व्यवस्थापक मात्र हसले नाहीत. आळशीपणा हा काही साक्षीपुरावा नव्हे.

"सोडा त्याला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "यानं ताजी घाण टाकली असती तर अंडी कोरी दिसली असती, नुसता एक ठिपका आत. मी पाहिलेल्या अंड्यांमध्ये पिल्लू वेटोळं घालून तयार बसलंय. अंडं असं पिकायला आठवडे लागतात, तेही ओल्या, गार जागी. एक गंमत सांगू? कोरं अंडं पोटात गेलं तर काही होत नाही. पिकलेलंच बाधतं. कुणाला त्रास द्यायचाच असता तर त्याला आधी माझ्यासारखं शिकावं लागलं असतं आणि मग महिनाभर धीर धरावा लागला असता."

"धीर आहे माझ्याकडे," सावकाश म्हणाला. "शिक्षण नाही."

तेवढ्यात आक्कांचा धाकटा भाऊ मळ्यातून आला तो तावातावातच.

"ताईचा गाळा गेला तर मीही भाजी पिकवणार नाही! गटाराचं पाणी म्हणे! विहीर येऊन बघा माझी!"

"बघायची गरज नाही," वहिनी म्हणाल्या. "या सावकाशरावांना कोथिंबीर कोण देतं?"

"मीच. त्याच वाफ्यातली. फक्त यांना मळ्यावरच बांधून देतो. यांना बांधायचाही कंटाळा. आणि वाटेत खळाळत्या पाटात जुड्या बुचकळून काढतो, तेवढंच काय ते धुणं."

"आणि तुमच्याच वाफ्यातल्या या जुड्यांवर मला एकही अंडं सापडलं नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. वाफा एक, कापणारा एक, आणणारी गाडी एक. ज्या माणसानं भाजीला धड पाणीसुद्धा दाखवलं नाही, त्याची भाजी स्वच्छ. आणि जिनं तीन पाण्यांतून काढली, तिची दूषित.

"म्हणजे धुण्याचं पाणीच..." व्यवस्थापक पुटपुटले.

"मंडईच्या टाकीचं पाणी स्वच्छ आहे. आक्कांच्या तिसऱ्या टाकीच्या तळाचा गाळही स्वच्छ. त्या पाण्यातून नुकतीच काढलेली सुटी पानं, तीही स्वच्छ." वहिनींनी चष्मा कपाळावर ढकलला. "धुऊन निघेपर्यंत भाजीला काही झालेलं नाही. जे काय होतं, ते त्यानंतर होतं. टाकीपासून ओट्यापर्यंत. आणि तेवढ्यात भाजीला हात लावणारं माणूस एकच आहे."

आक्का ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

५

"बाई, माझे हात तपासा," आक्कांनी दोन्ही तळवे पुढे केले. "मीच असेन तर मीच असेन. पण नक्की सांगा."

व्यवस्थापकांना ते तळवे बघवेनात. पाण्यानं पांढरे पडलेले, चिरा गेलेले.

वहिनींनी ते तळवे हलकेच मिटवले. "हात असते तर अंडी सगळ्या पानांवर सारखी पसरली असती. मी एक जुडी तीन तुकड्यांत कापून पाहिली. शेंडा वेगळा, देठ वेगळे, आणि मधली कंबर वेगळी. शेंड्याला जवळजवळ काही नाही. देठांना किरकोळ. सगळी गर्दी कमरेला. जुडीच्या कमरेला काय असतं, आक्का?"

"बंद," आक्का म्हणाल्या. "लव्हाळ्याच्या पातीचा."

"चिमणी बंद कशानं सोडायची?"

व्यवस्थापकांना खानावळीच्या दारात थबकलेल्या वहिनी आठवल्या. एका शब्दावर त्या थांबल्या होत्या, आणि तोच शब्द त्यांनीही ऐकला होता, तरी त्यांच्या कानावरून तो वाऱ्यासारखा गेला होता.

"मळ्यातले बंद आणि तुमचे बंद एकाच जागचे?"

भाऊ पुढे झाला. "एकाच तळ्याकाठचे. मी कापतो, वाळवतो, अर्धे ताईला देतो. पण वाळलेली पात मोडते. ती भिजवावी लागते. मी पत्र्याच्या डब्यात पाणी घालून भिजवतो."

"मी नाही," आक्का म्हणाल्या. आवाजात अजूनही सवयीची ठसक होती. "डब्यातलं पाणी दोन दिवसांत वास मारतं, डास होतात. धुतलेली भाजी मी त्या सडक्या पाण्यातल्या पातीनं बांधू? मी ओल्या वाळूत पुरते. नदीची वाळू, चाळून, धुऊन घेतलेली. पात मऊ राहते, वास नाही, डास नाही. बांधायच्या वेळी फडक्यानं पुसते. एक कण राहत नाही."

"कण राहत नाही," वहिनी हळूच म्हणाल्या. "दाखवता का मला ती वाळू?"

गाळ्याच्या मागे, भिंतीच्या सावलीत, फळकुटांची बुटकी पेटी होती. वर ओलं गोणपाट. आजूबाजूला सगळं झाडून लख्ख. आणि गोणपाटाच्या एका कोपऱ्यावर, जग जिंकल्यासारखा, फौजदार पसरला होता.

सावकाशनं त्याला उचललं. वहिनींनी गोणपाट बाजूला केलं, चमच्यानं वाळू उकरली. वरचा थर सुरेख, सपाट. खाली कोपऱ्यात मात्र वाळूचा रंग काळपट होता.

सांगायची गरजच नव्हती. ज्यांनी कधी मांजर पाळलंय त्यांना ठाऊक असतं. चाळलेली, मऊ, गार वाळू मांजराला दिसली की त्याला दुसरी जागा सुचत नाही. आणि मांजर हे आक्कांसारखंच काटेकोर जनावर. काम झालं की वर माती सारून जागा अशी सपाट करतं की मागमूस राहू नये.

वहिनींनी चमचाभर वाळू बाटलीत भरली. तासाभरात त्यांचा फोन आला. व्यवस्थापकांनी तो लगेच कानाला लावला.

"खच्चून भरलीय, भाऊजी. सगळ्या वयाची अंडी आहेत, कोरी, अर्धी, पिकलेली. ओल, सावली, गारवा. मी स्वतः पेटी बनवायला बसले असते तरी इतकी छान जमली नसती."

६

समिती बसण्याआधी व्यवस्थापकांनी आक्कांना आपल्या खोलीत बोलावलं. वहिनी खिडकीशी उभ्या होत्या.

व्यवस्थापकांनी शब्द नीट जुळवून ठेवले होते. "आक्का, मी लिहितो की मांजरापासून प्रादुर्भाव झाला. मांजर मंडईचं, म्हणजे जबाबदारी मंडईची. वाळूचा उल्लेख करायची गरज नाही. कारण कळलं म्हटल्यावर गाळा राहील. खोटं काहीच नाही यात."

"आणि लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"मांजर म्हणून सांगा."

आक्कांनी मान हलवली. "साहेब, लोक माझ्याकडे भाजी घ्यायला येतात, पण खरं बघायला गेलं तर माझा शब्द घेऊन जातात. धुतलेली आहे म्हटलं की घरी जाऊन धूत नाहीत. त्या पोरीच्या बापानं तेच केलं. आता तो शब्दच अर्धा करून विकू? मग माझ्याकडे विकायला उरलं काय?" त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. "आणि मांजरानं काय केलं? मांजरासारखं वागलं. वाळू मी ठेवली."

त्यांनी समितीला सगळं उभ्यानं सांगितलं. वहिनींनी मध्ये फक्त दोनदा तोंड उघडलं. एकदा अंडी पुसून का जात नाहीत ते सांगायला. कवचाला चिकट लेप असतो, फडक्यानं वाळूचा कण निघतो आणि अंडं पातीलाच राहतं. आणि एकदा सावकाशची भाजी का वाचली ते सांगायला. तिचे बंद मळ्यावर डब्यात भिजलेले, त्यांना ही वाळू लागलीच नव्हती. "आक्कांची चूक आळशी माणसाच्या हातून होऊच शकली नसती," त्या म्हणाल्या. "सडक्या पाण्याची किळस यावी इतकी स्वच्छता अंगी असावी लागते. आधी धुवायचं आणि मग बांधायचं, इतका कष्टाळूपणा असावा लागतो. त्या दोन्हींत मिळून एकच फट होती, डोळ्याला न दिसणारी. मी या कामात आयुष्य घालवलंय, मलाही ती पहिल्या दिवशी दिसली नाही."

व्यवस्थापक वहिनींकडे बघत होते. घरी ज्यांच्या गप्पा ऐकून आपण ताटावरून उठायचो, त्या याच. केवढी जेवणं फुकट घालवली, त्यांच्या मनात आलं. ऐकत बसायला हवं होतं.

खानावळवाला कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. अध्यक्षांनी त्याला विचारलं, "तक्रार तुमची. काय म्हणणं आहे?"

"मी मळ्यावर माणसं घेऊन जाणार होतो, विहीर बुजवायला," तो म्हणाला. "आक्कांनी तोंड उघडलं नसतं तर गेलोही असतो." मग आक्कांकडे न बघता म्हणाला, "गाळा राहू द्या. पण मला विश्वास ठेवायला सांगू नका. तो काही कागदावर लिहून परत येत नाही."

"बरोबर आहे तुझं," आक्का म्हणाल्या.

गाळा राहिला. वाळू उकळत्या पाण्यानं मारून दूर खोल खड्ड्यात पुरली, पेटी जाळली. फौजदाराला जंताची गोळी द्यायचं काम वहिनींनी हौसेनं अंगावर घेतलं. गोळी पोटात गेली खरी, पण त्यांच्या दोन्ही मनगटांवर त्याच्या सह्या उमटल्या. मंडईत नवा नियम झाला. बंद उकळून घ्यायचे, जुडी आधी बांधायची, तीही सैल, आणि वाहत्या पाण्याखाली उलगडून धुवायची, बंदासकट. सावकाशनं नियम ऐकून जांभई दिली आणि त्याच आठवड्यात नळाजवळचा गाळा मागणारा अर्ज केला.

आक्का मात्र नियमावर थांबल्या नाहीत. गाळा उघडल्यापासून त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माल द्यायच्या आधी सगळं सांगू लागल्या. वाळू, बोका, बंद, चिमणी. काही लोक ऐकून मान हलवायचे आणि पुढच्या गाळ्याकडे वळायचे. काही म्हणायचे, "कळलं हो आक्का, द्या पटकन." पटकन मिळायचं नाही. गोष्ट पुरी झाल्याशिवाय त्या जुडीला हात लावू द्यायच्या नाहीत, आणि शेवटी बजावायच्या, "मी धुतलीय. तरी घरी धुवा. माझ्या शब्दावर खाऊ नका."

चिमणीला घरी सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक गाळ्यासमोरून जात होते. चार गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यात मागे, मान खाली घालून, खानावळवाला होता.

पुढची तिघं गेली. त्याची पाळी आली. आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि त्यांनी सुरुवात केली. पहिल्यापासून, अनोळखी माणसाला सांगावं तशी. इथं मागे वाळूची पेटी होती. मी स्वतः चाळलेली वाळू. एक लहान मुलगी होती, शाळेतून येताना थांबायची.

त्यानं पिशवी बगलेत धरली आणि शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकून घेतलं, पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखं.

"घरी धुवा," आक्का म्हणाल्या.

"धुतो," तो म्हणाला, आणि पिशवी उघडून पुढे धरली. "द्या मग दोन."